रोज एक जहाज

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. ज्या मुंबईवर स. का. पाटलांनी वर्षानुवर्षं हुकमत गाजवली, तीच मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं. राज्य झालं आणि तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, हे पाटील वॉशिंग्टनला व्हाइट हाऊसमध्ये एका करारावर सही करत होते. केंद्रात ते तेव्हा अन्नमंत्री होते. समोर सही करणारे होते खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला द्यायचा, असा तो करार. किंमत सव्वाशे कोटी डॉलरच्या वर. एवढं धान्य हलवायचं तर चार वर्षं रोज साधारण एक जहाज भरून सुटायला हवं, असा हिशेब होता.

पाटील खुशीत होते, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते साहजिकही होतं. आलेल्या धान्यातला ४० लाख टन गहू आणि सगळा तांदूळ अडीअडचणीसाठी कोठारात ठेवायचा होता. म्हणजे पाऊस दगा देवो, साठेबाज भाव चढवोत, सरकारच्या हाताशी माल असणार. भूक हा त्यांच्या लेखी पुरवठ्याचा प्रश्न होता, आणि पुरवठादार तर मिळाला होता.

ज्या कायद्याखाली हा करार झाला, तो अमेरिकेचा ४८० क्रमांकाचा कायदा १० जुलै १९५४ रोजी अमलात आला होता. भारतात तो ‘पीएल ४८०’ म्हणूनच ओळखला गेला. तो जन्मला अमेरिकी शेतकऱ्यांच्या अडचणीतून. सरकारने आधारभावाने घेतलेला गहू एवढा साचला होता की कोठारं पुरेनात. दुसऱ्या महायुद्धातली रिकामी मालवाहू जहाजं न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत नांगरून त्यांच्या पोटात गहू साठवायची पाळी आली होती. हा माल जगाच्या बाजारात ओतला तर भाव कोसळणार, आणि नुसता ठेवला तर साठवणुकीचा खर्च चढत जाणार. तेव्हा ज्यांच्याकडे डॉलर नाहीत त्यांना तो त्यांच्याच चलनात विकायचा, अशी तोड निघाली. भारताने गव्हाचे पैसे रुपयांत द्यायचे, ते रिझर्व्ह बँकेत अमेरिकेच्या नावावर पडायचे, आणि त्यातला मोठा हिस्सा कर्ज किंवा अनुदान म्हणून पुन्हा भारतालाच विकासकामांसाठी मिळायचा. थोडे रुपये दूतावासाच्या खर्चाला, थोडे इथे धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना कर्जाऊ. भारताशी असा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुढे केनेडींच्या काळात या सगळ्याला ‘शांततेसाठी अन्न’ असं साजरं नाव मिळालं.

अशा धान्यातून गरीब देशाचं भलं होऊ शकतं का, याचा विचार मात्र कायद्याच्या बरोबरीनेच सुरू झाला होता, आणि तोही भारतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने मॉर्डेकाय इझिकिएल या अर्थतज्ज्ञाच्या पुढाकाराने इथे एक पाहणी केली. १९५६ साली वि. म. दांडेकरांचं याच विषयावरचं पुस्तक पुण्याच्या गोखले संस्थेने काढलं. या विचाराचा गाभा सरळ होता. रिकाम्या हातांना तलाव, रस्ते, बांध यांवर काम द्या. मजुरी मिळाली की गरीब माणूस ती आधी पोटासाठी खर्च करणार. तेवढं जादा धान्य बाहेरून आलेलं असलं, तर भाव न भडकता काम उभं राहील. या विचाराने महाराष्ट्रात पंधरा-सोळा वर्षांनी वेगळ्याच वाटेने मूळ धरलं. १९६०च्या करारात मात्र त्याचा मागमूस नव्हता. शहरातल्या रेशनच्या दुकानाला स्वस्त गहू मिळाला की झालं, एवढंच दिल्लीला पुरेसं वाटत होतं.

मुंबई बंदरात हा गहू सुटा यायचा. तळापासून वरपर्यंत जहाजाच्या पोटात नुसता दाण्यांचा डोंगर. तो उपसायचा, गोणपाटाच्या पोत्यांत भरायचा, पोत्यांची तोंडं शिवायची, वजन करायचं, मग ती मालगाडीच्या डब्यांत नाहीतर ट्रकमध्ये चढवायची. हे बहुतेक सगळं माणसांच्या पाठीवर. गोदीतून आणि दाणाबंदरातून पोती वाहणारे हमाल बरेचसे साताऱ्याकडचे, पुणे-नगरच्या डोंगरी भागातले. घरची कोरडवाहू शेती पोट भरत नाही म्हणून मुंबईला आलेले हे लोक कॅन्ससच्या शेतकऱ्याचं पीक उतरवून घेत होते. मालाची घाई झाली की जहाजं बाहेर समुद्रात धक्क्याची वाट पाहत उभी राहायची, आणि धक्का मिळाला तरी वाघिणी मिळायच्या नाहीत.

रेशनवर हा गहू बऱ्याचदा तांबडा असायचा. आपल्याकडे पिवळसर, टपोऱ्या दाण्याची सवय. शरबती गव्हाची पोळी खाल्लेल्यांनी या गव्हाच्या नावाने बोटं मोडली आणि रांगेत उभं राहून तोच घेतला. त्याच्यावर आणखी एक आळ आला, तो अजून सुटलेला नाही. गाजरगवत, म्हणजे ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते पीएल ४८०च्या गव्हातून आलं असं महाराष्ट्रात शेंबडं पोरही सांगेल. पण पुण्यात या गवताची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६च्या सुमारासच केलेली आहे, म्हणजे या करारांचा गहू अजून यायचा होता किंवा नुकता कुठे येऊ लागला होता. अर्थात १९५१ साली ट्रुमन यांच्या काळात अमेरिकेने २० लाख टनांचं गव्हाचं कर्ज दिलं होतंच. तेव्हा अमेरिकी गव्हाला निर्दोष सोडता येईल असंही नाही. संशयाचा फायदा देता येईल, इतकंच.

खरा दोष दुसरीकडे होता. शिकागोचे अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ १९६० सालीच बजावत होते की फुकटच्या भावाने आलेलं धान्य घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव पाडतं. त्याचा परिणाम नेमका किती झाला यावर पुढे पुष्कळ वाद झाले. गोखले संस्थेतच नीलकंठ रथ आणि पटवर्धन यांनी १९६७ साली या मदतीचा भारतीय अर्थव्यवस्थेवरचा परिणाम तपासणारा अभ्यास प्रसिद्ध केला. पण भावाइतकाच मोठा परिणाम राज्यकर्त्यांच्या मनावर झाला होता. जहाज येणारच आहे म्हटल्यावर पाटबंधारे, खत, बियाणं यांसाठी भांडायला कुणाला घाई नव्हती.

नेहरू मे १९६४ मध्ये गेले. लालबहादूर शास्त्रींनी शेती आणि अन्न हे खातं सी. सुब्रमण्यम यांच्याकडे सोपवलं. हे आधी पोलादमंत्री होते. पोलादाकडून शेतीकडे येणं ही दिल्लीच्या नजरेत बढती नव्हती. पण या माणसाने खातं हलवून सोडलं. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं. त्याच महिन्यात शेतीमालाच्या किमती ठरवणारा आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अध्यक्षपदी मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मो. ल. दांतवाला आले. शेतकऱ्याला परवडेल असा भाव आधी जाहीर करायचा, त्या भावाने सरकारने खरेदी करायची, आणि नवं बियाणं, खत, पाणी एकत्र द्यायचं, हा सुब्रमण्यम यांचा आराखडा. खात्यात त्यांच्या जोडीला अण्णासाहेब शिंदे होते, कोपरगावचे खासदार, सहकारी चळवळ आणि बागायती शेती जवळून पाहिलेले. मंत्रिमंडळात विरोध जोरदार होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना आणि नियोजन मंडळातल्या मंडळींना खतापायी परकीय चलन उधळणं पसंत नव्हतं.

आणि मग पाऊस गेला. १९६४-६५ साली देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या वर धान्य पिकलं होतं. पुढच्या वर्षी ते ७ कोटी २० लाखांच्या घरात आलं. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं. अमेरिकेशी असलेल्या कराराची मुदत जूनमध्येच संपलेली. नवा दीर्घ मुदतीचा करार करायला अध्यक्ष लिंडन जॉन्सन तयार नव्हते. गहू मिळेल, पण महिन्या-दोन महिन्यांपुरता. पुढचा हवा तर पुन्हा विचारा. टेक्सासच्या या गुराखी-राजकारण्याने भारताचा दोर अगदी आखूड धरला. प्रत्येक जहाजाचा निर्णय त्यांच्या टेबलावर जायचा. भारतात कुठे पाऊस पडला आणि कुठे ओढ दिली हे आपल्याला पाठ झालं होतं, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. अतिशयोक्ती गृहीत धरली तरी जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाने रोज सकाळी बिहारच्या पावसाचा आकडा विचारावा, हे दृश्य विलक्षणच म्हणायचं.

दिल्लीत त्या दिवसांत जहाज समुद्रात कुठवर आलं याची चौकशी व्हायची आणि त्यावर कुठल्या शहराला किती दिवस गहू पुरेल ते ठरायचं. बंदरातून थेट ताटात, मधे कोठार म्हणून नाहीच. शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि लोकांनी ते मनावर घेतलं. सोमवारी हॉटेलं बंद राहू लागली.

नोव्हेंबर १९६५ मध्ये रोमला अन्न आणि शेती संघटनेची परिषद होती. तिच्या निमित्ताने सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन भेटले आणि त्यांनी एक करार केला, जो जाहीर झाला नाही. भारत शेतीवरचा खर्च वाढवील, खत आयात करील, खताच्या कारखान्यांत परदेशी भांडवलाला वाट देईल. गव्हाची जहाजं चालू राहतील. भारताने मान तुकवली, असं या कराराकडे पाहिलं जातं. पण त्यातली कलमं वाचली की ती सुब्रमण्यम यांनी आधीच मांडलेल्या आराखड्यातली निघतात. जे दिल्लीच्या मंत्रिमंडळात मान्य होत नव्हतं, ते वॉशिंग्टनच्या दबावाच्या आडोशाने त्यांनी मान्य करून घेतलं. फ्रीमनना वाटलं आपण भारताला वाकवलं, आणि सुब्रमण्यमनी ते त्यांना वाटू दिलं.

याची किंमत मात्र मोजावी लागली. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री ताश्कंदला गेले ते परतलेच नाहीत. इंदिरा गांधी मार्चमध्ये अमेरिकेला जाऊन आल्या, जॉन्सननी ३५ लाख टन जादा धान्याचा प्रस्ताव त्यांच्या संसदेपुढे ठेवला. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. देशात काहूर उठलं. त्यातच व्हिएतनामवरच्या बाँबफेकीविरुद्ध भारत बोलला आणि जहाजांचा वेग पुन्हा मंदावला. गहू देणाऱ्याने आपलं मौनही विकत घ्यावं, ही गोष्ट इंदिराबाई विसरल्या नाहीत.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी चुकला. १९६६ सालात भारताने १ कोटी टनांच्या वर धान्य आयात केलं. अमेरिकेत पिकलेल्या गव्हाचा पाचवा हिस्सा एका भारतात येत होता. इतर देशही धावले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, खुद्द सोव्हिएत संघानेही २ लाख टन पाठवले. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला येऊन गेलेल्या पोप पॉल सहावे यांनी भारतातल्या भुकेल्यांसाठी जगाकडे शब्द टाकला. बिहारमध्ये एप्रिल १९६७ मध्ये दुष्काळ रीतसर जाहीर झाला. तिथे जयप्रकाश नारायणांच्या मदत समितीने आणि केअर, युनिसेफसारख्या संस्थांनी मुलांच्या तोंडी घास घातला. बंगालमध्ये १९४३ साली जे झालं त्याची पुनरावृत्ती टळली, याचं श्रेय त्या जहाजांना द्यावंच लागेल. जॉन्सनच्या दोरीबद्दल कितीही राग असला तरी दोरीच्या टोकाला गहू होता.

१९६७ सालीच अमेरिकेतल्या पॅडक बंधूंनी १९७५ साली जगभर दुष्काळ पडणार असं भाकीत करणारं पुस्तक लिहिलं. ज्यांना वाचवणं शक्य नाही अशांच्या यादीत त्यांनी भारताला टाकलं होतं.

पण गव्हाच्या जहाजांच्या मागोमाग आणखी एक जहाज निघालं होतं, आणि त्यातला माल खाण्याचा नव्हता. जपानमध्ये १९३५ साली तयार झालेला ‘नोरिन १०’ हा बुटका गहू युद्धानंतर अमेरिकेत पोचला. तिथून तो मेक्सिकोत रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रकल्पात काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आला. उंच गव्हाला खत जास्त झालं की ओंबीच्या भाराने तो लोळतो. बुटका ताठ उभा राहतो आणि खत पचवतो. दिल्लीच्या पुसा संस्थेतले बी. पी. पाल आणि एम. एस. स्वामिनाथन यांनी हे हेरलं. १९६३ साली बोरलॉग भारतात येऊन गेले, थोडंथोडं बियाणं आलं, दिल्लीजवळच्या जौंती गावात शेतकऱ्यांच्याच रानात ते पेरून पाहिलं.

१९६५ साली अडीचशे टन बियाणं मागवलं, तेव्हाची हकिगत बोरलॉग पुढे रंगवून सांगत. मेक्सिकोहून ट्रकांचा तांडा लॉस अँजेलिसच्या बंदराकडे निघाला, तो सरहद्दीवर अडला. सुटला तर शहरात वॉट्स वस्तीत दंगल पेटलेली, रस्ते लष्कराच्या ताब्यात. त्याच बोटीत पाकिस्तानचंही बियाणं होतं, आणि त्यांच्या चेकमध्ये स्पेलिंगच्या चुका निघाल्याने बँकेने तो परत पाठवला. कसाबसा माल चढला, बोट मुंबई आणि कराचीकडे सुटली, आणि ती समुद्रात असतानाच दोन्ही देशांत युद्ध जुंपलं. एवढं करून बियाणं उतरलं ते गोदामात कीडनाशक धुरी जास्त बसलेलं. उगवण निम्मी. मग एकरी बियाणं दुप्पट टाका, असा निरोप धाडावा लागला. तरीही पीक असं आलं की पुढच्या वर्षी सुब्रमण्यमनी ‘लेर्मा रोहो’ या वाणाचं एकदम १८ हजार टन बियाणं मागवलं. बियाण्याची एवढी मोठी खेप तोवर कुठल्या देशाने आणली नव्हती. मंत्रिमहोदयांनी दिल्लीतल्या सरकारी बंगल्याची हिरवळ नांगरून तिथेही तोच पेरला.

दाणा मात्र तांबडा! रेशनवर ज्याला नाकं मुरडली, तोच रंग बाजारातही चालेना, भाव कमी मिळायचा. मग मेक्सिकोहून आलेल्या वाणांतून पिवळसर दाण्याचे ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ निवडून काढले, तेव्हा शेतकरी खरा राजी झाला. १९६८च्या उन्हाळ्यात पंजाबात गहू ठेवायला जागा अपुरी पडली, शाळांना सुट्टी देऊन वर्गांत पोती रचली. त्या वर्षी गव्हाचं उत्पादन १ कोटी ६५ लाख टनांवर गेलं. जुलैत इंदिराबाईंनी गहू क्रांतीचं टपाल तिकीट काढलं.

महाराष्ट्राला यात काय मिळालं? हा ज्वारीचा मुलूख. १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वावलंबी झालं नाही तर मला फाशी द्या, असं शनिवारवाड्यावर सांगितलं. त्यांची भिस्त संकरित ज्वारीवर होती. देशातली पहिली संकरित ज्वारी ‘सीएसएच १’ नुकतीच बाहेर आली होती, आणि तिच्यामागेही रॉकफेलर प्रतिष्ठानचं सहकार्य आणि अमेरिकेतून आलेलं वाण होतं. उतारा दांडगा. पण कणसं भरताना पाऊस सापडला की दाणा काळा पडायचा, कडबा आखूड यायचा म्हणून बैलवाले नाराज, आणि भाकरीला मालदांडीची गोडी नाही. शिवाय पंजाबात कालवे होते. इथल्या बहुतेक शिवारात पाण्याची भिस्त आभाळावर.

तेच आभाळ १९७० पासून फिरलं, आणि १९७२ साली तर कहर झाला. देशाने १९७१च्या अखेरीस सवलतीचं अमेरिकी धान्य बंद केलं होतं. बांगलादेश युद्धात निक्सननी आरमार बंगालच्या उपसागरात धाडल्यावर दुसरं काही घडणंही अवघड होतं. आता रोख डॉलर मोजून घ्यायचं, तर त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेतून गुपचूप १ कोटी टनांहून अधिक गहू उचललेला. भाव गगनाला भिडले. सोव्हिएत संघानेच मग १९७३ मध्ये २० लाख टन गहू भारताला उसना दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला आला मिलो, अमेरिकेत जनावरांना घालतात ती तांबडी ज्वारी. तिला वास यायचा. भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावरून उतरेपर्यंत मोडायच्या. त्या वर्षी लहान असलेली माणसं आज साठीच्या पलीकडे आहेत, पण मिलो म्हटलं की तोंड वाकडं करतात.

दुष्काळी कामांवर खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं होती. बायका अर्ध्याहून कमी नव्हत्या. दुपारी सुकडी वाटली जायची, भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल यांचा भुगा. त्यातला जिन्नस केअरकडून यायचा, आणि हस्तांदोलनाचे दोन हात छापलेल्या, ‘विकण्यासाठी नाही’ असं बजावणाऱ्या रिकाम्या पिशव्यांचे सदरे पोरांच्या अंगावर दिसायचे. भूकबळी मोठ्या प्रमाणावर पडले नाहीत याचं मुख्य कारण मात्र सुकडी नव्हती, मजुरी होती. हातात रोजचे रुपये आले, म्हणून व्यापाऱ्याने परजिल्ह्यातून धान्य आणलं.

इकडे हिशेब मिटत होते. अमेरिकेच्या नावावर साचलेल्या रुपयांचा डोंगर इतका झाला होता की तो कधी खर्च होणार नाही हे दोघांनाही कळत होतं. त्यातून १९६२ पासून अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने भारतात छापलेली पुस्तकं घाऊक विकत घेतली. शिकागो आणि इतर विद्यापीठांत मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, दिवाळी अंक शेल्फभर जमले ते गव्हाच्या पैशातून. उरलेल्यातले १६६४ कोटी रुपये अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी १८ फेब्रुवारी १९७४ रोजी एका चेकने भारताला परत केले. त्या काळचा जगातला सर्वांत मोठा चेक म्हणून तो गिनेसच्या पुस्तकात गेला.

नोव्हेंबर १९७४ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली. दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असा संकल्प हेन्री किसिंजर यांनी तिथे मांडला. त्यातून शेती विकासाचा आंतरराष्ट्रीय निधी १९७७ मध्ये उभा राहिला. किसिंजर यांनी दिलेली मुदत मात्र केव्हाच उलटून गेली. इकडे महाराष्ट्रात तोवर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी योजना चालू झाली होती, आणि पुढे तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, कामाला दाम. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता, तेव्हा १९७५ साली राज्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर नवा कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या पगाराच्या पावतीवर दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर, ज्याच्या नावाने कारकुनापासून मॅनेजरपर्यंत सगळे कुरकुरतात, तो दुष्काळी तालुक्यातल्या माणसाच्या मजुरीसाठी सुरू झाला.